एका खेळण्याचे दोन धनी

खेळण्यांच्या दुकानात मोठी माणसे दोन तऱ्हांनी शिरतात. काहींच्या बोटाला एखादे मूल लोंबकळत असते. ही माणसे घाईत असतात. किंमतीची चिठ्ठी आधी पाहतात आणि खेळणे मागाहून. दुसरी तऱ्हा एकट्याने येणाऱ्यांची. वय चाळिशीच्या आसपास, कानांवरचे केस पिकू लागलेले, खांद्याला कचेरीची पिशवी. यांना मुळीच घाई नसते. एकाच खेळण्याची चार खोकी ते खाली काढायला लावतात, एकेक उजेडात धरतात, आतल्या बाहुल्याच्या डोळ्यांचा निळा रंग रेषेबाहेर ओघळला आहे की काय हे बारकाईने न्याहाळतात आणि चारांतले एक पसंत करतात. "मुलगा केवढा आहे, साहेब?" असे दुकानदाराने विचारले, की काहीतरी पुटपुटून पैसे पुढे करतात.

मला या दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांबद्दल फार कुतूहल आहे. हसू मात्र येत नाही. चाळिशी उलटल्यावरही मनातली बाहुली नाचवीत बसायचे आणि वर त्याला कादंबरी म्हणायचे, हा माझाच उद्योग. तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही. शिवाय दिवसाचा उरलेला वेळ शाळेत मुलांच्या संगतीत जातो. म्हणजे या खेळण्याचे जे दोन धनी आहेत, त्या दोघांशीही माझे नाते आहे.

खेळणे कोणते ते सांगायला हवे. मोटारीचा माणूस आणि माणसाची मोटार होणारे लोखंडी चेहऱ्याचे ते बाहुले—ट्रान्सफॉर्मर्स. आपल्याकडे जत्रेत आणि एस. टी. स्टँडाबाहेर गाडीचा माणूस होणारी जी स्वस्त खेळणी मिळतात, आणि ज्यांना पोरे सरसकट 'रोबो' म्हणतात, ती बहुतेक याच घराण्याच्या नकला.

या घराण्याची कुळकथा मोठी मौजेची आहे. नाव अमेरिकेचे असले तरी जन्म जपानचा. टाकारा नावाच्या कंपनीने १९८० मध्ये डायाक्लोन नावाची खेळणी काढली. १९८२ पासून त्यांत खऱ्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या आणि उलगडल्या की यंत्रमानव होणाऱ्या मोटारी आल्या. त्या वेळी तो यंत्रमानव म्हणजे नुसते यंत्र होते. ते चालवायला बोटाच्या पेराएवढा एक चालक सोबत मिळे आणि आत त्याच्यासाठी बसायची जागा असे. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीच्या माणसांनी ही खेळणी पाहिली, टाकाराशी करार केला, आणि डायाक्लोनमधली काही व टाकाराच्याच मायक्रोमॅन या मालिकेतली काही अशी एकत्र करून १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. आणताना त्यांनी एक मोठा फेरफार केला. त्यांनी चालकाला काढून टाकले. यंत्रालाच जीव आहे, ते आपले आपण बोलते, रागावते, मित्रासाठी झुरते, असे ठरवले. मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीतल्या बॉब ब्युडियान्स्की यांनी बसून बहुतेकांना नावे दिली आणि त्यांचे स्वभाव लिहून काढले. ते खोक्यांच्या पाठीवर छापले गेले. प्रत्येकाला बळ, बुद्धी, वेग, धैर्य यांचे दहापैकी गुणही दिलेले असत. पण ते लाल नक्षीच्या जाळ्यात लपवलेले, आणि सोबतच्या लाल पारदर्शक पट्टीतून पाहिले तरच दिसणारे. मास्तर म्हणून मला ही युक्ती फार आवडली. आमच्या प्रगतिपुस्तकांना अशी सोय असती, तर कितीतरी घरांत शांतता नांदली असती.

चालक गेला, पण त्याची जागा राहिली. साचे जुनेच होते, आणि नवे साचे पाडायचे म्हणजे पैसा ओतावा लागतो. आयर्नहाइड आणि रॅचेट या दोन वीरांची तर यात विलक्षण स्थिती झाली. हे दोघे एका जपानी व्हॅनपासून बनलेले. मूळ खेळण्यात डोक्याच्या ठिकाणी चालकाचे आसन होते. त्यामुळे बिचाऱ्यांना डोकेच नव्हते. हॅस्ब्रोने त्या आसनावर चेहऱ्याचे चित्र चिकटवून वेळ मारून नेली. पण त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर यांची चित्रमालिका सुरू झाली. पडद्यावर बोलायचे तर तोंड हवे, म्हणून चित्रकारांनी दोघांना चांगली ठसठशीत डोकी काढून दिली. म्हणजे तिथले पोर पडद्यावर डोके असलेला आयर्नहाइड पाही, आणि दूरचित्रवाणी बंद झाली की बिनडोक्याचा आयर्नहाइड हातात घेऊन त्याच गोष्टी पुढे चालवी. त्यावाचून खेळ अडल्याचे ऐकिवात नाही.

पुढचे सारे भांडण मला या बिनडोक्याच्या बाहुल्यात दिसते. मुलाच्या हातात अपुरे खेळणे दिले, तर उरलेले ते स्वतः भरून काढते. तेच मूल चाळीस वर्षांचे झाले, की त्याने त्या वेळी मनाने जे भरून काढले होते, ते सारे त्याला आता कारखानदाराकडून भरून हवे असते.

मुलाला काय हवे असते? मी पाहिले आहे त्यावरून सांगतो. मुलाला हातांना काम हवे असते. एकदा आमच्या कवायतीच्या मास्तरांनी सहावीतल्या एका मुलाचे असे खेळणे जप्त करून शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवले. ते अर्धवट उलगडलेले होते; धड माणूस नाही, धड मोटार नाही. शास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी चष्मा पुसून ते हाती घेतले. मधली सुट्टी निम्मी सरली, तरी त्या यंत्रमानवाचा एक पाय काखेतून निघेना. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "अहो, जोर लावा." मराठीचे मास्तर म्हणाले, "जोर नका लावू." शेवटी मुलालाच बोलावले. तो दारात उभा राहून म्हणाला, "सर, करून देऊ?" आणि मैदानावर चाललेल्या खो-खोकडे पाहत पाहत, खेळण्याकडे एकदाही न बघता, त्याने त्याची मोटार करून टेबलावर ठेवली. पाठ झालेला पाढा म्हणावा तसे. तोंडाने मात्र एक बारीक कर्रर्र असा आवाज काढत होता. तो आवाज खेळण्यातून येत नाही. तो ज्याचा त्याने काढायचा असतो.

हे पाठ होणे फार नाजूक आहे. पायऱ्या फार झाल्या, तर मूल कंटाळून खेळणे माणसाच्याच रूपात टाकून देते, मग ते मोटार व्हायचे विसरते. आणि पायरी एकच असली, तर पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे रहस्य संपते. आता हॅस्ब्रो पुष्कळ खोक्यांवर किती पायऱ्यांत रूप पालटते तो आकडाच छापते. मायकेल बे यांच्या २००७ च्या चित्रपटानंतर ही खेळणी दिसायला आणि वळायला फार गुंतागुंतीची झाली होती. २०१४ च्या चित्रपटाच्या वेळी कंपनीने एका खटक्यासरशी पालटणारी सोपी खेळणी फळीवर आणली. त्याआधीच तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी रेस्क्यू बॉट्स नावाची गुबगुबीत, मोठ्या सांध्यांची मालिका काढली होती. एकट्याने दुकानात येणाऱ्या मंडळींनी यावर नाके मुरडली. आमची फळी पोरांनी बळकावली, अशी त्यांची तक्रार. पोरांची खेळण्यांची फळी पोरांनी बळकावली, हे वाक्य मी दोनदा वाचले.

पण त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ही मंडळी आकाशातून पडलेली नाहीत. कंपनीनेच त्यांना घडवले, आणि तेही घाव घालून.

मालिकेचा नायक ऑप्टिमस प्राइम. लाल डोक्याची मालमोटार. त्याला आवाज देणारे पीटर कलन यांनी सांगितले आहे, की व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेला थोरला भाऊ डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी तो आवाज लावला. अंगात बळ असले, तरी ओरडायची गरज नसलेल्या माणसाचा तो आवाज. दोन वर्षे तो आवाज अमेरिकेतल्या मुलांनी ऐकला. मग ऑगस्ट १९८६ मध्ये या मंडळींचा चित्रपट आला आणि त्याच्या पूर्वार्धातच ऑप्टिमस प्राइम मेला. मुलांच्या डोळ्यांदेखत त्याचा लाल-निळा रंग उतरून तो राखाडी झाला. का मेला? तर कारखान्याला दुकानातल्या फळीवर नव्या खेळण्यांसाठी जागा करायची होती. १९८४ चा माल संपवून पुढचा माल आणायचा, इतका साधा हिशेब. चित्रपटगृहांत मुले हमसून हमसून रडली. आईबापांची पत्रे गेली. कंपनी इतकी हादरली, की तिच्याच जी. आय. जो या सैनिक बाहुल्यांच्या पुढल्या चित्रपटात मरायला निघालेल्या एका वीराबद्दल तो मेला नाही, नुसता बेशुद्ध आहे, असे वाक्य मागाहून घुसडण्यात आले. १९८७ मध्ये मालिकेत ऑप्टिमस प्राइमलाही परत जिवंत करावे लागले.

मला त्या हिशेबनिसांचा राग येत नाही. त्यांनी एवढेच गृहीत धरले होते, की खेळणे जुने होते आणि मूल नव्याकडे वळते. पण आपणच चालकाला काढून यंत्रात जीव घातला होता, हे ते विसरले. मोटार मोडली तर मूल रडते आणि दुसरी मागते. माणूस गेला तर दुसरा मागत नाही.

अमेरिकेत १९९० मध्ये ही खेळणी बंद झाली, १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाली, १९९६ मध्ये मोटारींऐवजी जनावरे झाली. पण चित्रपटगृहात रडलेली ती पोरे मधल्या काळात मिशा फुटून मोठी झाली होती. १९९४ मध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी त्यांनी आपला पहिला मेळावा भरवला. बॉटकॉन त्याचे नाव. कारखानदारांनी न बोलावता जमलेली ही गिऱ्हाइके. त्यांच्याजवळ आता स्वतःचा पगार होता.

या पगाराकडे लक्ष जायला वेळ लागला नाही. २००३ मध्ये टाकाराने जपानात मास्टरपीस नावाची मालिका काढली आणि तिचा पहिला मानकरी अर्थातच ऑप्टिमस प्राइम. वजनदार, धातूचे भाग असलेला, रबरी चाकांचा. पुढे याच मालिकेत आयर्नहाइडलाही डोके मिळाले. १९८४ मध्ये चित्रकाराने खेळण्याकडे पाहून चित्र काढले होते. आता कारागीर चित्राकडे पाहून खेळणे घडवू लागले. पण चित्रातली मोटार आणि चित्रातला माणूस यांचा एकमेकांशी मेळच नसतो. चित्रात छाती हवी तेवढी मोठी होते आणि मागचा भाग कुठे जातो ते कोणी विचारीत नाही. प्लॅस्टिकला असे नाहीसे होता येत नाही. मग कारागीर काय करतो? मोटारीच्या पत्र्याच्या लहान लहान चकत्या करतो, त्या बिजागऱ्यांवर टांगतो आणि एकेक पोटात, पोटरीत, पाठीत दडपतो. जे कुठेच मावत नाही ते पाठीवर लटकते, आमच्या पाचवीतल्या पोराच्या दप्तरासारखे. मोठ्यांना हे दप्तर खपत नाही. ते लपवायचे तर आणखी बिजागऱ्या लागतात. बिजागऱ्या वाढल्या की पायऱ्या वाढतात, सांधे बारीक होतात, किंमत चढते, आणि खेळणे मुलाच्या हातून सुटून जमिनीवर पडण्याच्या लायकीचे राहत नाही. त्या खोक्यांवर पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असे लिहिलेले असते. खेळण्यावर!

ही गंमत किती दूरवर जाते त्याचा एक मासला सांगतो. १९८६ च्या त्याच चित्रपटात युनिक्रॉन नावाचा ग्रहाएवढा राक्षस होता; ग्रह गिळणारा ग्रहच तो. त्याला आवाज ऑर्सन वेल्स यांचा, आणि ती त्या थोर नटाची शेवटची भूमिका ठरली. मुलांना त्या वेळी हा राक्षस हवा होता, पण त्याचे खेळणे बाजारात आलेच नाही. तेहतीस वर्षांनी, २०१९ मध्ये, हॅस्ब्रोने सांगितले, की आठ हजार माणसांनी प्रत्येकी ५७५ डॉलर आगाऊ भरले, तर आम्ही तो करू. सव्वादोन फूट उंच, वजन साडेआठ किलोंच्या आसपास. ऑगस्टअखेरची मुदत उलटली, आकडा भरला नाही. कंपनीने मुदत ऑक्टोबरपर्यंत वाढवली, आणि आठ हजार पुरे झाले. साडेआठ किलोंचे खेळणे कडेवर घेऊन कोणते मूल अंगणात पळेल? त्याहून पुढची पायरी २०२१ ची. हाक मारली की आपले आपण मोटारीचा माणूस होणारा ऑप्टिमस प्राइम, किंमत ७०० डॉलरच्या घरात. आमच्या सहावीतल्या त्या मुलाच्या हातांना त्यात कामच उरले नाही. मला तरी त्याला खेळणे म्हणवत नाही.

आणि तरीही कंपनी ही कसरत पार पाडते, हे मान्य केले पाहिजे. एकच ऑप्टिमस प्राइम एकाच वेळी तीन-चार अवतारांत मिळतो: लहानग्यांसाठी एका खटक्याचा, आठ वर्षांपुढच्यांसाठी वीस-तीस पायऱ्यांचा, आणि पगारदारांसाठी कपाटात ठेवायचा. यांतला मधला अवतार मला सगळ्यांत शहाणा वाटतो. खोक्यावर आठ वर्षांपुढे असे लिहिले, म्हणजे आठ वर्षांचा मुलगा आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ एकाच फळीपुढे उभे राहू शकतात, आणि कोणालाच लाजायला नको. मुलांची फळी जगते ती पुष्कळदा या गृहस्थांच्या पैशांवर, आणि गृहस्थांना हवी असलेली जुनी नावे नव्या मुलांच्या तोंडी राहतात म्हणूनच साचे पाडायला परवडतात. एका चुलीवर दोन पथ्यांचा स्वयंपाक आपल्या घरांतून होतोच की.

कुठे कुठे मात्र चूल वेगळी मांडावीच लागते. दुष्टांचा राजा मेगाट्रॉन. तो १९८४ मध्ये मोटार होत नसे. त्याचे चक्क वाल्थर पिस्तूल होई, हुबेहूब. अमेरिकेत १९८९ पासून खोट्या पिस्तुलाच्या तोंडाला नारिंगी खूण सक्तीची झाली, आणि तशा पिस्तुलासारखे खेळणे पोरांच्या हाती देणे कोणालाच नको वाटू लागले. १९९३ पासून मेगाट्रॉनचा रणगाडा झाला. पण जुन्या भक्तांना रणगाडा म्हणजे तोतया वाटे. त्यांच्यासाठी २००७ मध्ये जपानात मास्टरपीस मालिकेत पुन्हा पिस्तूल निघाले. मुलाचा मेगाट्रॉन वेगळा, बापाचा वेगळा. इथे बापाची आठवण मुलाच्या हाती देण्याजोगी नव्हती, एवढेच.

या व्यवहाराच्या कडेला आणखी एक जमात उगवली आहे. काही लहान कारखाने, बहुतेक चीनमधले, परवानगी न घेता याच वीरांच्या सुबक, महाग प्रतिकृती करतात. गिऱ्हाईक अर्थात मोठीच माणसे. पण कायद्याची भीती, म्हणून खोक्यावर खरे नाव छापायची सोय नाही. कोणी 'सेनापती' लिहितो, कोणी आणखी काही. आपल्या आज्या यजमानांचे नाव उखाण्यात गुंतवीत, तसला प्रकार. कोणाबद्दल चालले आहे ते ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते.

दिवाळी आली, की आमच्या गल्लीत असेच दोन धनी दिसतात. पोरे दगडमातीचा किल्ला करतात. हळीव पेरतात, मावळ्याशेजारी प्लॅस्टिकचा सिंह बसवतात, आणि गेल्या वर्षी एकाने महादरवाजावर पहाऱ्याला चक्क एक रोबो उभा केला होता. पलीकडच्या गल्लीत स्पर्धा असते. तिथे वडील मंडळी नकाशा पाहून बुरूज मोजून बांधतात. किल्ला खरोखर देखणा होतो. पोरे पाणी आणून द्यायला असतात. मी दोन्ही पाहायला जातो. मोठ्यांच्या किल्ल्यामुळेच पोरांना बुरूज कुठे असतो हे कळते, हेही खरे.

पुण्याला माझा एक मावसभाऊ असतो. धाकटा, पण पगाराने फार थोरला. पूर्वी काही वर्षे तो नोकरीसाठी अमेरिकेत होता, तिथे हा नाद लागला. त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेचे कुलूपबंद कपाट आहे आणि त्यात पन्नासएक ट्रान्सफॉर्मर्स ओळीने उभे आहेत. मधोमध मास्टरपीस मालिकेतला २०११ चा ऑप्टिमस प्राइम. याच्या मालमोटारीत पुढे खरोखरच बसायची जागा आहे, आणि तीत बसायला मालिकेतल्या स्पाइक नावाच्या मुलाचा चिमुकला पुतळा मिळतो. सत्तावीस वर्षांनी कोणाला तरी त्या जागेची आठवण झाली म्हणायची. माझ्या भावाने तो स्पाइक हरवू नये म्हणून बारीक पिशवीत घालून खोक्यात जपून ठेवला आहे. खोके माळ्यावर आहे.

त्याचा मुलगा सात वर्षांचा. त्याला एका खटक्याची चार खेळणी आणून दिलेली आहेत आणि ती बिचारी घरभर, कॉटखाली, बाथरूमच्या बादलीत सापडतात. कपाटाला हात लावायचा नाही, हा नियम. "दादा, माझ्यासाठीच घेतलेत रे हे," भाऊ मला मेमध्ये म्हणाला. "याला दिले तर आठवड्यात हात तुटेल. आणि मग ते मिळत नाहीत." हे तो कंजूषपणाने म्हणत नव्हता. लहानपणी त्याच्याजवळ जत्रेतली एक पत्र्याची मोटार होती, ते मला ठाऊक आहे.

रविवारी त्याने कपाट पुसायला काढले. महिन्यातून एकदा काढतो. मुलालाही त्या दिवशी मऊ फडके हाती मिळते आणि बाबांच्या देखरेखीखाली दोन-तीन वीर पुसायला मिळतात. भाऊ मला एकेकाची बिजागरी दाखवीत होता, मी विचारीत होतो, आणि त्या नादात पोरगा कोणाला पुसतो आहे इकडे आमचे लक्ष नव्हते. ऑप्टिमस प्राइमची मालमोटार झालेली होती. कोणी केली, केव्हा केली, आवाज झाला नाही. नाही म्हणायला एक बारीक कर्रर्र ऐकू आले होते, ते मी पंख्याचे समजलो. भावाचा चेहरा उतरला. त्याने गाडी हातात घेऊन सगळे सांधे तपासले. एकही दुखावला नव्हता. मग त्याने काचेतून आत पाहिले. चालकाच्या जागी एक चिंचोका बसवलेला होता. आमच्या आईने वर्षाची चिंच माझ्याबरोबर पाठवली होती, त्यातला.

"हा कोण?" भावाने विचारले.

"ड्रायव्हर," पोरगा म्हणाला. "त्याशिवाय ती जाणार कशी?"

भावाने कपाट लावून घेतले. त्या महिन्यात तरी गाडी तशीच, मालमोटारीच्या रूपात, आत उभी होती. परवा त्याचा फोन आला तेव्हा चिंचोक्याचे काय झाले ते विचारायचे मी विसरलो. तो नव्या डब्याला आलेल्या कस्टम्सच्या दंडाबद्दलच बोलत होता.